खोट्या यानातले खरे शिक्षण



'सिम्युलेटर' हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या कानाला परका वाटेल. पण ती वस्तू आपल्याला परकी नाही. अंगणात भातुकली मांडून बसलेली मुलगी आपण सर्वांनी पाहिली आहे. ती वाळूचा भात शिजवते, पाहुण्याला पाट मांडते आणि वाढताना सर्वांना पुरेल की नाही याची तिला खरोखरीची काळजी लागते. भात खोटा असतो, काळजी मात्र खरी असते. सिम्युलेटर म्हणजे मोठ्या माणसांनी यंत्राच्या साहाय्याने मांडलेली भातुकलीच होय. खऱ्या विमानासारखे किंवा अंतराळयानासारखे दिसणारे, बोलणारे, पण जमीन न सोडणारे एक यंत्र करायचे आणि खऱ्या संकटात पडण्यापूर्वी त्यात बसून संकटाचा सराव करायचा, एवढाच त्याचा अर्थ.

अशा खोट्या यानात शाळेतल्या मुलामुलींना बसवावे, त्यांच्यावर एका मोहिमेची जबाबदारी टाकावी आणि तिच्या निमित्ताने गणित, विज्ञान, भूगोल, भाषा हे विषय एकत्र शिकवावेत, असा प्रयोग अमेरिकेत १९८८ पासून मोठ्या प्रमाणावर चालू आहे. त्याविषयी ऐकले की आपल्याकडच्या पालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की हे शिक्षण आहे की जत्रेतला पाळणा? प्रश्न रास्त आहे आणि त्याला हसून उडवून लावणे आम्हांला मान्य नाही. आजच्या व्याख्यानात आम्ही या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करणार आहोत.

उत्तरासाठी थोडे मागे गेले पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण आपल्या वडिलांच्या पियानो आणि ऑर्गनच्या कारखान्यात काम करीत असे. आपल्या बाजाच्या पेटीला जसा भाता असतो, तसे त्या मोठ्या ऑर्गनलाही भाते असतात. लिंकला विमान चालवण्याचा नाद होता आणि ती विद्या शिकणे फार महाग होते. तेव्हा त्याने एक लाकडी खोके करून ते भात्यांवर बसवले. भात्यांत हवा भरली किंवा सोडली की खोके पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलत असे. आत बसणाऱ्याच्या हाती विमानासारखा दांडा असे. १९२९ साली त्याने या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. परंतु विमानविद्या शिकवणाऱ्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. सुरुवातीची बरीच खोकी घेतली ती करमणुकीच्या बागांनी! पैसे टाकावेत, आत बसावे, चार हिसके खावेत आणि हसत बाहेर यावे.

पुढे १९३४ साली अमेरिकेच्या सैन्यातील विमानदळावर टपाल वाहून नेण्याचे काम एकाएकी येऊन पडले. ढगांत आणि अंधारात, बाहेरचे काही दिसत नसताना केवळ समोरच्या तबकड्यांकडे पाहून विमान चालवण्याचा सराव बहुतेकांना नव्हता. थोड्याच आठवड्यांत अनेक वैमानिक प्राणांस मुकले. त्यानंतर सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली आणि लाखो वैमानिकांनी त्यांत धडे घेतले.

आता विचार करा. खोके तेच, भाते तेच. मग बागेत जी केवळ करमणूक होती ती विमानदळात विद्या कशी झाली? फरक पडला तो खोक्याच्या शेजारी मांडलेल्या टेबलामुळे. त्या टेबलापाशी शिक्षक बसे. समोर नकाशा पसरलेला असे आणि नकाशावर तीन चाकांचे एक छोटे लेखनयंत्र सरकत असे. त्याच्या चालीवरून त्याला 'खेकडा' म्हणत. आतला विद्यार्थी जसे वळण घेई तशी त्या खेकड्यामागे शाईची रेघ उमटत जाई. सराव संपला की गुरुशिष्य दोघे त्या रेघेवर वाकत. येथे तू उशिरा वळलास, का? येथे तुझी दिशा चुकली, ती तुझ्या केव्हा लक्षात आली? बागेतल्या खोक्यामागे रेघ उमटत नव्हती. विमानदळातल्या खोक्यामागे उमटत होती. करमणूक आणि शिक्षण यांतला भेद आम्हांला तरी या एका रेघेत दिसतो.

या रेघेचे मोल केवढे असते याचा एक दाखला माणसाच्या चंद्रावरच्या पहिल्या पावलाशीच जोडलेला आहे. अपोलो-११ च्या उड्डाणापूर्वी, १९६९ च्या जुलै महिन्याच्या आरंभी, ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षात उतरण्याच्या अखेरच्या तालमी चालल्या होत्या. तालीम घेणाऱ्यांचे कामच मुळी अडचणी निर्माण करण्याचे. त्यांनी खोट्या उतरणीच्या मध्यावर यानाच्या संगणकावर एक अनोळखी धोक्याची सूचना झळकवली. तिचा क्रमांक १२०१. स्टीव्ह बेल्स या तरुण नियंत्रकाला तिचा उलगडा होईना, म्हणून त्याने उतरणे रद्द करण्याचा निर्णय दिला. तालमीनंतरच्या चर्चेत त्याला सांगण्यात आले की निर्णय चुकला. संगणकावर कामाचा भार जास्त झाला होता, पण महत्त्वाची कामे तो करीतच होता. मोहिमेचे संचालक जीन क्रान्झ यांनी तेव्हा अशा सर्व सूचनांचा अभ्यास करावयास सांगितले आणि जॅक गार्मन या तरुण अभियंत्याने त्यांची हाताने लिहिलेली यादी आपल्या टेबलावर ठेवली. २० जुलै रोजी खरे यान चंद्राकडे उतरू लागले आणि सूचना झळकली, १२०२! गार्मनने यादीवरून खूण पटवली, बेल्सने 'पुढे चला' म्हणून कळवले आणि यान उतरले. तालमीतली चूक तालमीतच तपासली गेली म्हणून खऱ्या प्रसंगी ती टळली. आपल्या शाळेत चुकीला आपण काय करतो? तिच्यावर तांबड्या शाईने फुली मारतो आणि पान उलटतो.

आता शाळेकडे वळू. या प्रयोगाचा जन्म एका दुःखातून झाला आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि आतील सातही जण मरण पावले. त्यांत ख्रिस्टा मॅकऑलिफ ही न्यू हॅम्पशायरमधील कॉन्कॉर्ड गावची शिक्षिका होती. ती माध्यमिक शाळेत समाजशास्त्रे शिकवीत असे. अकरा हजारांहून अधिक शिक्षकांच्या अर्जांतून तिची निवड झाली होती. अवकाशातून दोन पाठ देण्याचे तिने योजले होते. एकात यानाची सफर घडवून तेथला दिनक्रम दाखवायचा आणि दुसऱ्यात माणूस अवकाशात कोठवर गेला, पुढे कोठे जाणार आणि का जाणार, हे सांगायचे. देशभरची मुले शाळाशाळांतून दूरचित्रवाणीपुढे बसली होती. पाठ झालाच नाही.

त्या सात जणांच्या कुटुंबीयांनी त्याच वर्षी एक संस्था काढली. यानप्रमुखाच्या पत्नी जून स्कोबी स्वतः शिक्षिका होत्या. त्यांनी पुढाकार घेतला. स्मारक म्हणून केवळ दगड उभा न करता, मुलांनी ज्यात बसून मोहीम पार पाडावी अशी शिक्षणकेंद्रे उभारावीत असे ठरले. त्यांतले पहिले केंद्र १९८८ साली ह्यूस्टनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात सुरू झाले. पुढे १९९० मध्ये यूटा राज्यातल्या प्लेझंट ग्रोव्ह गावी एका प्राथमिक शाळेतच ख्रिस्टाच्या नावाने असेच खोटे यान उभे राहिले.

चॅलेंजर केंद्रांच्या मूळ योजनेप्रमाणे मोहीम कशी चालते ते पाहू. एक वर्ग आला की त्याचे दोन भाग करतात. अर्धी मुले नियंत्रणकक्षात बसतात, अर्धी यानात. दोन्हीकडे सारखीच पथके असतात: मार्ग ठरवणारे, संदेश देणारे, प्रकृती तपासणारे, हवापाण्याची व्यवस्था पाहणारे, शोधक यंत्र जोडणारे वगैरे. यानातल्या प्रत्येक पथकाचा जोडीदार जमिनीवर असतो. एकापाशी प्रश्न, दुसऱ्यापाशी त्याच्या उत्तराची साधने. त्यामुळे एकमेकांशी बोलल्याखेरीज कोणाचेच काम पुरे होत नाही. धूमकेतूपर्यंत जाऊन त्याकडे शोधक यंत्र सोडायचे, मंगळावर उतरायचे किंवा चंद्रावर परतायचे, अशी एखादी मोहीम असते. मध्यंतरी जागांची अदलाबदल होते. वर होते ते खाली येतात, खालचे वर जातात. आणि आतापर्यंत ज्याला आपण 'लवकर उत्तर का देत नाहीस?' म्हणून टाकून बोललो, त्याची अडचण काय होती ते स्वतः भोगून कळते. वाटेत काहीतरी बिघडते. हवेत विषारी अंश वाढतो, नाही तर संदेश तुटतो. ते संकट मुलांनीच निवारायचे असते.

यात विषय कोठे आले, असे कोणी विचारील. मंगळाचेच उदाहरण घ्या. मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ येतो तेव्हा तो सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरांवर असतो आणि फार दूर जातो तेव्हा चाळीस कोटींवर. प्रकाश आणि बिनतारी संदेश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. भागाकार केला की कळते, संदेश पोहोचायला जवळच्या वेळी तीन मिनिटे आणि दूरच्या वेळी बावीस मिनिटे लागतात. म्हणजे 'हॅलो, नीट कळले का?' असे विचारून उत्तर यायला पाऊण तास जाईल! आता हा भागाकार गणित आहे, भौतिकशास्त्र आहे की भाषेचा धडा आहे? ज्या मुलीला संदेश लिहायचा आहे तिला उमगते की आपले वाक्य पहिल्या खेपेलाच पूर्ण आणि निःसंदिग्ध असले पाहिजे. 'तो भाग गरम झाला आहे' असे लिहून चालणार नाही. कोणता भाग, किती अंश, केव्हापासून, हे सर्व त्याच एका संदेशात आले पाहिजे. निबंधाच्या वहीत 'मुद्देसूद लिहा' असा शेरा आपण आयुष्यभर देतो. मुद्देसूद का लिहावे याचे कारण त्या मुलीला त्या बावीस मिनिटांनी शिकवले.

ही कल्पना आपल्या मातीला सर्वस्वी नवी नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि तीतून मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली. सूत काढता काढता सुताच्या लांबीवरून गणित, कापसाच्या जमिनीवरून भूगोल, कापडाच्या व्यापारावरून इतिहास शिकवावा, असा तिचा आग्रह होता. तिला 'समवाय' असे नाव मिळाले. टकळी आणि अंतराळयान यांत अंतर पुष्कळ आहे, पण तत्त्व एकच आहे. काम मध्ये ठेवावे आणि कामाला लागेल तसा विषय त्याच्याकडे यावा. त्या योजनेचे पुढे जे झाले त्यातून एक धडाही घेण्यासारखा आहे. जेथे शिक्षक तयार नव्हता तेथे समवाय उरला नाही, नुसती टकळी उरली. यंत्राचेही तसेच होईल. शिक्षक तयार नसेल तर नुसते दिवे लुकलुकत राहतील.

आणखी एक गोष्ट आम्हांला या सर्वांहून महत्त्वाची वाटते. 'चॅलेंजर' कशाने नष्ट झाले? त्याच्या बाजूच्या अग्निबाणाच्या सांध्यातले रबरी कडे कडक थंडीत आपले काम करू शकले नाही. आणि हे आधी कोणाला ठाऊकच नव्हते असे नाही. आदल्या रात्री दूरध्वनीवरून झालेल्या बैठकीत ते अग्निबाण करणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी, इतक्या थंडीत उड्डाण करू नये, असे सांगितले होते. त्यांच्याच वरिष्ठांनी अखेर तो सल्ला मागे घेतला. पुढे चौकशी आयोगाने सांध्याबरोबरच निर्णय घेण्याच्या पद्धतीलाही दोष दिला. म्हणजे ज्ञान होते. पण ज्याच्यापाशी ते होते त्याचे म्हणणे शेवटपर्यंत टिकले नाही.

आता त्या खोट्या यानातली एखादी लाजरी मुलगी डोळ्यांपुढे आणा. वर्गात ती कधी हात वर करीत नाही. येथे हवेचे माप तिच्यापुढे आहे आणि ते फक्त तिलाच दिसते आहे. आकडा चढतो आहे. मार्ग ठरवणारी हुशार मुले आपल्या नादात आहेत. ती बोलली नाही तर यान बुडते. ती एकदा बोलते, कोणी ऐकत नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने बोलते. आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांनाही मागाहून, चर्चेच्या वेळी, शाईची रेघ दाखवावी लागते: तिने अमुक मिनिटाला सांगितले होते, तुम्ही अमुक मिनिटाला ऐकलेत, मधली मिनिटे कोठे गेली? आमच्या मते त्या सात जणांचे याहून यथोचित स्मारक नसेल. सांगायला शिकणे आणि ऐकायला शिकणे, हे दोन्ही विषय आपल्या वेळापत्रकात नाहीत.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की अशी सफर एका दिवसाची. दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा बाकावर. आक्षेप खरा आहे. म्हणूनच ती केंद्रे शिक्षकांना आधी तयार करतात आणि मोहिमेपूर्वी व मोहिमेनंतर वर्गात करावयाचे पाठ त्यांच्या हाती देतात. हे पाठ वगळून जो वर्ग नुसती मोहीम करून येतो, तो बागेतल्या खोक्यात बसून आला असे समजावे. दुसरा आक्षेप असा, की धिटाई करणारी दोन मुले सर्व काम बळकावतील आणि बाकीची पाहत राहतील. याला उपाय पथकांच्या रचनेतच आहे. प्रत्येकापाशी असे काही तरी ज्ञान असावे, जे दुसऱ्या कोणापाशी नाही. तिसरा आक्षेप असा, की पाढे, व्याकरण, सराव यांचे काय? त्यांना सुटी नाही. ज्याला भागाकार येत नाही त्याला मंगळ तो शिकवणार नाही. भागाकार का शिकावा, एवढेच मंगळ शिकवतो. भूक आणि भाकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोहीम भूक लावते. भाकरी वर्गातच भाजावी लागते.

चौथा आक्षेप खर्चाचा, आणि तो आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा. अशी केंद्रे उभारायला फार पैसा लागतो, हे खरे. पण भातुकलीला कधी पैसा लागला होता? शेजारशेजारच्या दोन खोल्या, मध्ये दार बंद, चिठ्ठ्या नेणारा एक मुलगा, भिंतीवर घड्याळ आणि गावचा नकाशा, एवढ्यावर मोहीम उभी राहते. आणि ती मंगळावरचीच असावी असेही नाही. आपल्या नदीच्या पुराची घ्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यावर जे ओढवले ते ज्या प्रांताने पाहिले, त्या प्रांतातल्या मुलांना पुराची मोहीम परकी वाटणार नाही. एका खोलीत धरण, दुसऱ्या खोलीत गाव. धरण तीस किलोमीटरांवर, पाण्याचा वेग सेकंदाला तीन मीटर धरू. मग पाणी गावाच्या पुलाशी पोहोचायला दहा हजार सेकंद, म्हणजे सुमारे पावणेतीन तास. तेवढ्या वेळात कोणत्या आळ्या रिकाम्या करायच्या? नकाशा सांगेल. किती माणसे, किती गाड्या, किती खेपा? त्रैराशिक सांगेल. दवंडी कोणत्या शब्दांत द्यायची, की लोक घाबरणार नाहीत आणि रेंगाळणारही नाहीत? ते मराठीच्या गुरुजींना विचारावे. पुलाजवळच्या म्हातारीने घर सोडायला नकार दिला तर? ते कोणत्याच पुस्तकात नाही, पण मोहिमेत ते आले पाहिजे. आणि कोपऱ्यात एक विद्यार्थी केवळ नोंदी ठेवणारा असावा: कोणी, केव्हा, काय सांगितले आणि त्यावर काय केले. तो आपला खेकडा! दुसऱ्या दिवशी सबंध वर्गाने त्या नोंदींवर वाकावे. सारी मोहीम त्या तासासाठी केलेली असते.

ख्रिस्टा मॅकऑलिफचा पाठ मात्र पुढे झाला, हे सांगून आम्ही थांबतो. तिच्याबरोबर राखीव म्हणून निवडलेली शिक्षिका बार्बरा मॉर्गन एकवीस वर्षांनी, २००७ साली, अवकाशात जाऊन आली. आणि २०१८ साली, पूर्वी शिक्षक असलेल्या दोन अंतराळवीरांनी, जो अकाबा आणि रिकी आर्नोल्ड यांनी, ख्रिस्टाने योजलेल्या पाठांतले काही प्रयोग अवकाशस्थानकातून मुलांसाठी करून दाखवले. बत्तीस वर्षे राहिलेला गृहपाठ कोणीतरी आठवणीने पुरा केला.

जत्रेतला पाळणा की शिक्षण, हा प्रश्न आम्ही आरंभी घेतला होता. त्याचे उत्तर आम्हांला सापडले ते असे: यंत्र पाहून ते ठरवता येत नाही. मूल घरी आल्यावर त्याला विचारावे, 'तुमचे कोठे चुकले?' त्याने जर उत्साहाने, न लाजता, नेमके सांगितले, तर ते शिकून आले आहे. आणि हा प्रश्न मुलाला विचारण्यापूर्वी आपल्या घरात, आपल्या कचेरीत, आपल्या सभेत आपण त्याचे उत्तर न लाजता देऊ शकतो का, हे प्रत्येक पालकाने मनाशी एकदा तपासून पाहावे.